लोखंडाच्या अंगावरचं वारं

सुमन, ये गं, अशी पुढ्यात बस. कागदातून का होईना, पण बस. तू सायन्सला गेलीस हे मला दूधवाल्याच्या तोंडून कळावं? समोर असतीस तर कान पिळला असता. आणि वर निरोप काय पाठवलास, तर म्हणे, "मावशी, तुमच्या काळी लोणावळ्यात बायकांनी प्रयोगबियोग कुठले बघितले असणार!" अगं, बघितले. आमच्या मागल्या गोठ्यात बघितले. असे बघितले की अजून आठवलं तरी माझा आ वासलेला मिटत नाही. तेव्हा गप बसून ऐक, मधे बोलू नकोस.

घाटात विजेचं इंजिन नवं नवं सुरू झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे रेल्वेच्या शेडात फिटर. स्टेशनामागच्या गल्लीत आमचं घर, मागे दगडी भिंतींचा गोठा. म्हैस विकल्यापासून तो रिकामा पडला होता. थंडी पडायला लागलेली, आणि एक दिवस दारात हातगाडी उभी. गाडीवर गवतात खुपसलेल्या काचेच्या नळ्या. गाडीशेजारी एक बाई, तिशीच्या आत-बाहेरची, नऊवारीवर पुरुषी कोट घातलेली.

"गोठा भाड्यानं द्यायचा आहे म्हणे?"

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हसरं किती हायती?"

"म्हसरं नाहीत. लोखंड आहे."

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या जवळच्या कुरवंडे गावच्या. उभा जन्म भातशेतीत आणि देवीच्या सेवेत गेलेला. गोठ्यात लोखंड बांधणारं माणूस त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं.

तर त्या ह्या इंदूबाई. पुण्यात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. बिनपगारी रजा काढून पुढच्या पदवीसाठी प्रबंध लिहीत होत्या. त्यांचे प्रोफेसर मुंबईला. त्यांच्या प्रयोगशाळेत मुलांचीच दाटी, बाईला टेबल नाही. मग बाईंनी काय केलं, तर पुणं आणि मुंबई ह्यांच्या मधलं गाव धरलं. स्टेशनावर बर्फ मिळतो, गोठ्याच्या जाड भिंतींनी आत दिवसभर एकसारखा गारवा राहतो, आणि प्रोफेसरांच्या मनात आलं तर वाटेत उतरता येतं.

पहिल्या आठवड्यात गोठ्याचं जे काही झालं, ते बघून मी तोंडात बोटच घातलं. गव्हाणीवर फळ्या. फळ्यांवर उभ्या-आडव्या नळ्या, वाकलेल्या, फुगलेल्या. एका टोकाला काचेचा फुगा आणि त्यात काळी भुकटी. ते त्यांचं लोखंड, काजळाहून बारीक. दुसऱ्या टोकाला पाऱ्याचा पंप. पाऱ्यानं भरलेलं एक काचेचं भांडं हातानं वर उचलायचं, खाली सोडायचं, पुन्हा वर, पुन्हा खाली, असं तासन्‌तास. पदर खोचून त्या ते करायच्या. त्यांचा उजवा दंड पाहिलास तर एखाद्या पाणक्याचा वाटावा.

आत्याबाईंना राहवेना. एक दिवस दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, ह्ये नेमकं काय चाललंय वं?"

"मावशी, हवेसारखा एक वायू आहे. तो मी ह्या लोखंडावर सोडते. लोखंड त्यातला किती धरून ठेवतं ते मोजते. थंडीत किती, गरम केल्यावर किती."

"म्हंजी लोखंडाच्या अंगात वारं येतं?"

इंदूबाई थबकल्या. "अंगात नाही मावशी. आत शिरत नाही. वरच्या वर, अंगावर."

"अंगावरनं वारं ग्येलं की मानूस लुळा पडतो."

"जात नाही ना. अंगावर बसतं."

"बसलंय व्हय!" आत्याबाईंनी मान डोलावली. "मंग लागीर म्हना की."

इंदूबाई इतक्या हसल्या की पाऱ्याचं भांडं त्यांना खाली ठेवावं लागलं. मला म्हणाल्या, "अहो, इंग्रजीत ह्या दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत मी नुसती चाचपडत होते. अंगात आणि अंगावर! मावशींनी एका दमात लावून दिलं." पुढे सगळा हिवाळा त्या असंच बोलायच्या. "आज अंगावर फार बसलं नाही," "आज अंगावरचं सगळं काढलं." नवीन मोजमाप सुरू करायच्या आधी भुकटी तापवायची आणि पंपानं जुनं बसलेलं सगळं ओढून काढायचं, हा त्यांचा नेम. आत्याबाई ते ओट्यावरून ऐकायच्या. वारं काढलं, पुन्हा बसलं, पुन्हा काढलं. त्यांच्या डोक्यात ह्यातून काय शिजत होतं, ते आम्हाला कुणाला उमगलं नाही.

बाईंचा स्वभाव म्हणशील तर थर्मामीटरसारखा, जे असेल ते दाखवणारा. ती काचेची कांडी कायम कोटाच्या खिशात. माझ्या चहात बुडवायची, ह्यांच्या आंघोळीच्या पाण्यात बुडवायची. एकदा पाण्याला खळाखळा उकळी आलेली, आणि बाई कांडी बघून म्हणतात, "इथलं पाणी शंभरापर्यंत पोचतच नाही. अठ्ठ्याण्णवावरच उकळतं."

आत्याबाईंना हे झोंबलं. "आमच्या पान्यात काय खोट हाय वं? म्हमईचं पानी लय शानं का?"

"खोट पाण्यात नाही मावशी. गाव उंचावर आहे, म्हणून."

"गाव उंच हाय तर पानी बी उंच पायजे!"

बाईंनी कांडी पुसून खिशात ठेवली. त्या नुसत्या म्हणाल्या, "पुन्हा बघू." हा त्यांचा ठरलेला शब्द. आमटी खारट झाली, पुन्हा बघू. नळी तडकली, पुन्हा बघू. रागावणं त्यांना जमायचंच नाही. आणि त्या खरंच पुन्हा बघायच्या. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा उकळून आत्याबाईंना कांडी दाखवली. आत्याबाईंना आकडा वाचता येत नव्हता, पण त्या म्हणाल्या, "आज जरा बरं हाय."

मग ते भज्यांचं प्रकरण. बर्फ झाला, उकळतं पाणी झालं, त्याच्या वरची उष्णता हवी म्हणून बाई लोखंडाचा फुगा कढत गोड्या तेलात बुडवून ठेवायच्या. दुपारभर तेल तापायचं. सगळ्या गल्लीत तळणाचा वास. चार दिवस लोकांनी कळ काढली. पाचव्या दिवशी शेजारची सखूबाई कमरेवर हात ठेवून अंगणात आली.

"रोज रोज तळता, आणि एक भजं कुणाच्या हातावर नाही? एवढा हावरेपणा बरा नव्हे हो बाई!"

इंदूबाईंचा चेहरा असा पडला, जणू चोरी करताना सापडल्या. त्या दिवशी त्यांनी काम बंद ठेवलं, बाजारातून बेसन-कांदा आणला, ताजं तेल ओतलं आणि अख्ख्या गल्लीला भजी घातली. पण तळताना कांडी कढईत! सखूबाईला सांगतात कशा, "एकशे ऐंशीला सोडा, आत कच्चं राहत नाही." सखूबाई भजं तोंडात धरून बघतच राहिली. मीही.

असं चाललं होतं. मी त्यांच्याकडे जायची ते नळ्यांभोवतीच्या वर्तमानपत्रांसाठी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही मी, अक्षरं जुळवून वाचायला शिकले ती त्या चुरगळलेल्या कागदांवर. बातमी अर्ध्यात फाटलेली असायची, पुढचं बाईंना विचारायची. त्यांना ठाऊक नसेल तर म्हणायच्या, "ठाऊक नाही." शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि एक दिवस बाई माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या. डोळे मोठे झालेले.

"काहीतरी विचित्र होतंय. बर्फात लोखंडानं वायू धरला. उकळत्या पाण्यात जवळजवळ सगळा सोडून दिला. तेलात तर काहीच नाही. बरोबर आहे, तापलं की सुटणारच. पण आज वितळलेल्या शिशात बुडवलं, तर पुन्हा धरायला लागलं! हळूहळू, पण धरतंय. आणि आता थंड केलं तरी सोडत नाही."

मला त्यातलं किती कळलं असेल? पण इतकं कळलं, की जिथं सगळं सुटायला हवं तिथं ते लोखंड घट्ट धरत होतं, आणि त्या बाईला भीती आणि आनंद एकदमच झाला होता. त्यांनी ते परत केलं, पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी तसंच.

आकडे घेऊन त्या मुंबईला गेल्या, संध्याकाळी परतल्या. कोट न काढताच गव्हाणीच्या कडेवर बसून राहिल्या.

"सर म्हणाले, बाई, तुमचं लोखंड वायू धरत नाही, गंजतंय. वायू शुद्ध नाही, त्यात हवा राहिली आहे. गरम लोखंड त्यातला प्राणवायू खातं आणि तुम्हाला वाटतं धरलं. म्हणाले, तुमच्या स्वयंपाकघरात तवा गंजतो ना, तसंच."

एवढा अपमान गिळूनही त्यांचा आवाज चढला नाही. प्रोफेसर रविवारी पुण्याला जाताना इथं उतरणार होते. गंज नाही अशी खात्री पटली तर प्रबंध पुढे जाणार. नाही तर हा विषय इथंच बंद, आणि बाई परत शाळेत, जन्मभर फळ्यावर खडू. सगळं ह्या एका शब्दावर अडलं होतं, धरतंय की गंजतंय.

बाईंकडे तेव्हा दोन फुगे होते. एक नळ्यांच्या मांडणीवर जोडलेला, सगळी मोजमापं झालेला, फक्त शेवटचं एक राहिलेला. दुसरा तसाच नवा बनवून, हवा काढून, तोंड जाळून बंद केलेला. तो त्यांनी ठेवला होता कोनाड्यात. गोठ्याला दुसरी सुरक्षित जागाच नव्हती. पण सुमन, कोनाड्यात ठेवलेली वस्तू आत्याबाईंच्या लेखी देवाची.

रविवारी सकाळी बाई स्टेशनावर गेल्या. मी पाहुण्यांसाठी पोहे भिजवत होते. तेवढ्यात गोठ्यातून अशी किंकाळी आली की हातातली चाळणी पडली.

धावत गेले. आत्याबाई न्हाऊन, केस मोकळे सोडून बसलेल्या. पुढ्यात पितळी ताट, ताटात हळदकुंकू आणि कुरवंड्याहून आणलेला देवीचा अंगारा. बाजूला तोंड फोडलेला काचेचा फुगा. बाईंच्या लोखंडाला लागीर आहे, बिचारी रोज विस्तव दाखवून काढते आणि ते परत बसतं, आज तिचा साहेब येणार, तर आपण अंगारा लावून कायमचं काढून टाकू, असा त्यांचा विचार! आणि ताटात? ताटात ओतलेली ती काळी भुकटी पेटली होती. एका कडेनं लाल होत होत दुसऱ्या कडेला निघाली होती, फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखी.

लोखंड गं! आमचे हे शेडात भाता मारमारून लोखंड लाल करायचे, आणि इथं थंडगार ताटात ते आपलं आपण लाल झालं! आत्याबाई घुमायला लागल्या. सखूबाई आली, तिनं बघितलं आणि पळत जाऊन नारळ घेऊन आली. बघता बघता गोठा बायकांनी भरला. कुणी मांडणीला झेंडूची माळ घातली. पाऱ्याच्या पंपालाही कुंकू लागलं.

आणि दारात टांगा थांबला.

प्रोफेसर उतरले. उंच, कृश, डोक्याला फेल्ट हॅट. धुपाचा धूर नाकात गेला तसा त्यांनी रुमाल लावला. पाठीमागे इंदूबाई. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"बाई, ही प्रयोगशाळा आहे की जागरण-गोंधळ?"

इंदूबाईंनी फुटका फुगा पाहिला, ताट पाहिलं. मग त्या आत्याबाईंच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या.

"मावशी, हे कसं पेटलं?"

आत्याबाई कुठल्या शुद्धीत? "म्या आले!" त्या गरजल्या.

"आलात, बरं झालं. पण काडी लावली होती का?"

"मला काडी लागतीय व्हय गं!"

"विस्तव जवळ होता?"

"आपसूक! आपसूक आले म्या!"

हसू की रडू, मला कळेना. पण इंदूबाई उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा निराळाच होता. प्रोफेसरांना म्हणाल्या, "सर, गंजलेलं लोखंड असं पेटेल?"

"नाही. भुकटी शुद्ध असेल, तिला प्राणवायू शिवलेला नसेल, तरच हवा लागताच पेटेल." मग रुमाल खाली घेऊन म्हणाले, "पण हा तुमचा नवा फुगा. ह्याच्यावर तुम्ही मोजलंय कुठं? माझी शंका मांडणीवरच्या फुग्याबद्दल आहे. आणि बाई, मी ह्या आजींच्या साक्षीवर सही करू?"

इंदूबाई मांडणीपाशी गेल्या. झेंडूची माळ हळूच काढून बाजूला ठेवली. मला कळलं त्या काय करणार, आणि मी ओरडलेच, "बाई, नका! एकच राहिलाय!"

त्यांनी ऐकलं नाही. आधी पंपानं आतलं सगळं ओढून काढलं. बराच वेळ ते भांडं वर-खाली होत होतं. मग त्यांनी ज्योतीनं नळी जोडावर वितळवून फुगा वेगळा केला, गार होऊ दिला. एक कौल मागवलं. कानशीनं फुग्याच्या मानेवर रेघ ओढली. सगळा हिवाळा त्या मुठीत होता. गंजलं असेल तर काळी माती सांडणार आणि सगळं संपणार. आणि गंजलं नसेल, तरी ते मोजलेलं लोखंड पेटून जाणार, शेवटचं मोजमाप राहूनच जाणार.

कट्‌. भुकटी कौलावर पडली.

काळी. नुसती काळी.

मग एका कणानं डोळा उघडला. त्याच्या शेजारचा, त्याच्या शेजारचा, आणि बघता बघता अख्खं कौल लालभडक. प्रोफेसर एक पाऊल मागं सरले, हॅट काढून हातात घेतली. किती वेळ ते त्या कौलाकडेच बघत होते. माणूस सावकाश, आतून थक्क होतो ना, तसा त्यांचा चेहरा होत गेला.

"गंज नाही," ते म्हणाले.

आत्याबाई शुद्धीवर आल्या होत्या. केस आवरत म्हणाल्या, "सुटलं गं बाई."

"पण शेवटचं मोजमाप राहिलं ना?" प्रोफेसरांनी विचारलं. "आता?"

"पुन्हा बघू."

"इथं नाही," ते म्हणाले. "माझ्या प्रयोगशाळेत. मी टेबल मोकळं करून घेतो. मी स्वतः शेजारी बसतो." आणि मग त्यांनी पोहे खाल्ले, दोनदा मागून खाल्ले, आणि सखूबाईनं कपाळाला कुंकू लावलं तेही पुसलं नाही.

संध्याकाळी आत्याबाई कोपऱ्यात तोंड पाडून बसल्या. "बाई, म्या तुमची नळी फोडली वं."

"मावशी, तुम्ही पहिली फोडली म्हणून तर मला दुसरी फोडायचा धीर झाला."

पुढचं सांगून टाकते. मुंबईत त्यांनी नवं लोखंड बनवलं, प्रोफेसर खरंच शेजारी बसले, आणि शिशाच्या उष्णतेला ते लोखंड तिथंही तसंच धरायला लागलं. बाईंना पदवी मिळाली. मग लांब नागपूरकडे कॉलेजात नोकरी लागली, इकडे येणं झालं नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिल्यात त्या लोणावळ्याच्या फलाटावरून निघालेल्या. बायकांच्या डब्यात खिडकीजवळची जागा मिळालेली. त्या जागेवर बसवलेला पाऱ्याचा पंप, माझ्या गोधडीत गळ्यापर्यंत गुंडाळलेला, आणि बाई समोर उभ्या. शेजारची एक गुजराती बाई गोधडीकडे वाकून कौतुकानं म्हणाली, "किती महिन्यांचं आहे?"

"एका हिवाळ्याचं," इंदूबाई म्हणाल्या.

गाडी हलली. आम्ही हात हलवले. त्यांना हलवता आला नाही. पुढे घाटाचे धक्के, दोन्ही हात त्यांनी गोधडीवर घट्ट दाबून धरले होते. नुसतं आमच्याकडे बघत होत्या, डोळे मोठे करून, कोट एका खांद्यावरून घसरलेला तसाच.

आता तू ये बघू. सुट्टीची वाट बघू नकोस, ह्याच शनिवारी ये, सकाळच्या गाडीनं. मला बोलायला कुणी नाही गं, आणि लिहून लिहून हात दुखला. ये लवकर.